पॅसिफिक महाविद्यालयाचा फुटबॉल हंगाम, १९४३

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील एक उल्लेखनीय हंगाम. कॅलिफोर्निया राज्यातील स्टॉक्टन येथील ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’ या लहान महाविद्यालयाच्या संघाने १९४३ मध्ये नऊपैकी सात सामने जिंकले व मोठमोठ्या विद्यापीठांच्या आणि लष्करी तळांच्या संघांच्या बरोबरीने राष्ट्रीय क्रमवारीत स्थान मिळविले. संघाचे प्रशिक्षक एमस अलॉन्झो स्टॅग (१६ ऑगस्ट १८६२ – १७ मार्च १९६५) त्या वेळी ८१ वर्षांचे होते.

पार्श्वभूमी : अमेरिकन फुटबॉल हा प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत, १०० यार्ड (सु. ९१ मी.) लांबीच्या मैदानावर खेळला जातो. लांबट चेंडू हातात घेऊन धावत वा फेकीने पुढे नेणे व प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेपलीकडे पोहोचविणे (टचडाउन) हे त्याचे मुख्य उद्दिष्ट असून त्याबद्दल सहा गुण मिळतात. अंगबळाच्या या खेळास धडधाकट तरुणांची मोठी तुकडी लागते आणि युद्धकाळात नेमकी त्यांचीच वाण पडली. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीची किमान वयोमर्यादा वीसवरून अठरा वर्षांवर आणली गेल्याने महाविद्यालयांतील मुलांचे वर्ग रिकामे होऊ लागले. पेट्रोल व रबर यांच्या नियंत्रित वाटपामुळे प्रवासही अवघड झाला. परिणामी अनेक महाविद्यालयांनी फुटबॉल स्थगित केला. त्यांत स्टॅनफर्डसारखे प्रख्यात विद्यापीठही होते.

व्ही-१२ योजना : अधिकाऱ्यांची वाढती गरज भागविण्यासाठी अमेरिकन नौदलाने १ जुलै १९४३ रोजी ‘व्ही-१२’ ही महाविद्यालयीन प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत १३१ शिक्षणसंस्था सहभागी झाल्या आणि एकूण सव्वा लाखाहून अधिक तरुणांनी प्रवेश घेतला. हे छात्र गणवेशात राहत, नौदलाचे वेतन घेत आणि नेहमीच्या अभ्यासक्रमाबरोबर गणित, भौतिकी इ. विषय व कसून शारीरिक शिक्षण घेत. भूसेनेने आपल्या समांतर योजनेतील छात्रांना आंतरमहाविद्यालयीन खेळांत भाग घेण्यास मनाई केली होती. नौदलाने मात्र खेळ हे लढाऊ वृत्ती व सांघिक शिस्त घडविण्याचे साधन मानून परवानगी दिली. या एका धोरणभेदामुळे महाविद्यालयीन फुटबॉलचा नकाशाच बदलला. ज्या संस्थेत नौदलाचे छात्र होते, तिला संघ उभारता आला. त्या वर्षी अमेरिकेत कोण बलवान व कोण दुर्बळ, हे बऱ्याच अंशी नौदलाच्या नेमणुकांवर ठरले. पॅसिफिक महाविद्यालय या योजनेत निवडले गेल्याने, एरवी तेथे कधीही न येते असे अन्य महाविद्यालयांचे अनुभवी खेळाडू स्टॅग यांच्या हाताखाली आले.

प्रशिक्षक : स्टॅग हे येल विद्यापीठाचे नामांकित खेळाडू. शिकागो विद्यापीठात १८९२ पासून चार दशके ते प्रशिक्षक होते. सरावासाठी पुतळ्याचा उपयोग, खेळीपूर्वी खेळाडूंनी घोळक्याने करावयाची मसलत यांसारख्या अनेक प्रथांच्या प्रसाराचे श्रेय त्यांना दिले जाते. वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकागोने त्यांना निवृत्त केले. परंतु मैदान सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. १९३३ मध्ये ते पॅसिफिकमध्ये रुजू झाले. त्यांच्या पत्नी स्टेला सामन्यांतील खेळींचे तक्ते तयार करून त्यांना साहाय्य करीत. १९४३ हा प्रशिक्षक म्हणून त्यांचा चौपन्नावा हंगाम होता.

सामने : पॅसिफिकने लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा १९–७ आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा १२–६ असा पराभव केला. हे दोन्ही संघ त्या वर्षी युद्धामुळे खिळखिळे झाले होते, हे खरे. तथापि डेल माँटे येथील नौदलाच्या वैमानिक-प्रशिक्षण केंद्राच्या संघावरील १६–७ हा विजय निर्विवाद मोठा होता, कारण तो संघ हंगामाअखेर राष्ट्रीय क्रमवारीत आठवा आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून पॅसिफिकला ०–६ अशी निसटती हार पत्करावी लागली; याच विद्यापीठाने पुढे १ जानेवारी १९४४ रोजी ‘रोझ बोल’ सामना जिंकला. दुसरा पराभव मार्च फील्ड या भूसेनेच्या हवाई तळाच्या संघाकडून (०–१९) झाला. आक्रमणात जॉनी पोडेस्टो व बचावफळीत आर्ट मकॅफ्री यांचा खेळ विशेष गाजला. असोशिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत पॅसिफिक एकोणिसाव्या स्थानी आले आणि अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक संघटनेने स्टॅग यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरविले.

मूल्यमापन : हे यश उसन्या बळावर उभे होते. छात्रांची सत्रे सोळा आठवड्यांची असत व नौदलाच्या आज्ञेनुसार खेळाडू ऐन हंगामातही अन्यत्र पाठविले जात. नोत्र दाम विद्यापीठाचा अँजेलो बर्टेली सहा सामन्यांनंतर मरीन दलाच्या प्रशिक्षणासाठी गेला. तरीही त्या वर्षाचे ‘हाइझमन’ पारितोषिक त्यालाच मिळाले. पॅसिफिकचा ओघही असाच आटला व १९४५ मध्ये संघाला एकही सामना जिंकता आला नाही. स्टॅग यांनी १९४६ च्या हंगामानंतर पॅसिफिक सोडले.

तरीही या हंगामाचे महत्त्व केवळ आकडेवारीपुरते नाही. साधने समान वाटली गेली, तर लहान संस्थाही मोठ्यांशी झुंज देऊ शकते, हे त्यातून दिसून आले. त्याचबरोबर ती समानता शांततेच्या काळात नव्हे, तर युद्धाच्या निकडीतून आली होती, हेही विसरता येत नाही. त्या मैदानावरील बहुतेक तरुणांसाठी तो हंगाम रणांगणापूर्वीचा थोडा अवधी होता. आणि ज्या वृद्ध प्रशिक्षकास वयामुळे निरुपयोगी ठरविले गेले होते, त्याच्यावर त्यांना सज्ज करण्याचे काम आले होते.