नकोशांची टोळी : एक्स-मेन

मित्रांनो, एक शाळा डोळ्यांसमोर आणा. पटावर विद्यार्थी फक्त पाच!

पहिल्याच्या डोळ्यांतून लाल किरण सुटतात, भिंतसुद्धा फोडणारे. म्हणून तो कायम खास काचांचा चष्मा लावतो. दुसऱ्याच्या पाठीवर पांढरेशुभ्र पंख आहेत. बाहेर जाताना ते पट्ट्याने आवळून कोटाखाली लपवावे लागतात. तिसरा स्वतःच्या अंगाचा बर्फ करतो. चौथा धिप्पाड, हातापायांचे पंजे ही एवढे थोरले! पण वर्गात सगळ्यांत पुस्तकी किडा तोच. आणि पाचवी एक मुलगी. ती नुसता विचार करते आणि टेबलावरची वस्तू हवेत उचलली जाते.

या शाळेचे सर चाकांच्या खुर्चीत बसलेले असतात. डोक्यावर एक केस नाही. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय ते त्यांना न बोलता कळतं. (अशा सरांच्या वर्गात कॉपी करायची कोणाची हिंमत?)

ओळखलंत ना? सायक्लॉप्स, एंजल, आइसमॅन, बीस्ट आणि मार्व्हल गर्ल म्हणजेच जीन ग्रे. सरांचं नाव प्रोफेसर चार्ल्स झेव्हियर. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर नावाचा भाग आहे, तिथे ही शाळा आहे असं कॉमिकमध्ये दाखवलंय. हीच सुप्रसिद्ध 'एक्स-मेन'ची टोळी!

आज जगभरातली मुलं एक्स-मेनला ओळखतात. पण हे कॉमिक एकदा चक्क बंद पडलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? ते पुन्हा कसं उभं राहिलं, त्याचीच ही गोष्ट.

जन्मतःच वेगळे

साल १९६३. न्यूयॉर्कमधल्या मार्व्हल कंपनीत दोन माणसं जोरात कामाला लागली होती. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी. १९६१ मध्ये या जोडीने 'फँटॅस्टिक फोर' काढलं, १९६२ मध्ये 'हल्क'. त्याच वर्षी ली आणि स्टीव्ह डिटको यांचा 'स्पायडर-मॅन'ही आला. कॉमिक्स धडाधड खपत होती.

पण लींना एक कटकट होती. नवा हिरो आणला की त्याला शक्ती कुठून मिळाली, याचं कारण शोधावं लागे. एकाला कोळी चावला, दुसऱ्यावर बॉम्बचे किरण पडले, चौघांना अंतराळात काहीबाही झालं. दर वेळी नवीन कारण आणायचं तरी कुठून? मग त्यांनी सोपी युक्ती काढली. या मुलांना शक्ती 'मिळालीच' नाही, ती जन्मतःच तशी आहेत!

आपल्या शरीराची घडण कशी असावी याच्या सूचना पेशींमधल्या जनुकांत असतात. कधीकधी त्या सूचनांत बदल होतो. त्याला विज्ञानात 'उत्परिवर्तन' म्हणतात आणि असा बदल झालेल्या सजीवाला इंग्रजीत 'म्युटंट'. खऱ्या जगात असा बदल झाला म्हणून कुणाला पंख फुटत नाहीत हं! पण कॉमिकसाठी कल्पना झकास होती.

लींना कॉमिकचं नावही 'म्युटंट्स' असंच ठेवायचं होतं. मालक मार्टिन गुडमन म्हणाले, "हा शब्द मुलांना कळणार नाही." तेव्हा लींनी 'एक्स्ट्रा', म्हणजे जास्तीची शक्ती असलेले, या अर्थाने 'एक्स-मेन' सुचवलं. मालक खूश! ली पुढे हसत हसत सांगायचे, की ज्याला म्युटंट कळत नाही त्याला एक्स-मेन तरी कसं कळणार? पण नाव मंजूर झालं होतं, म्हणून ते गप्प बसले.

दोन वाटा

सप्टेंबर १९६३ अशी तारीख छापलेला पहिला अंक बाजारात आला. किंमत १२ सेंट. इतर हिरोंना लोक हार घालत. एक्स-मेनना मात्र लोक घाबरत, त्यांच्यावर दगड उचलत. कारण काय? तर ती वेगळी आहेत!

अशा वेळी काय करायचं? प्रोफेसर म्हणत, "लोक आपला द्वेष करोत, आपण त्यांचं रक्षण करायचं. एक दिवस ते आपल्याला समजून घेतील." पहिल्याच अंकात आलेला खलनायक मॅग्नेटो, हाही म्युटंटच. लोखंडी वस्तू इशाऱ्यावर नाचवणारा. त्याचं म्हणणं उलट. "ते आपल्याला संपवतील, त्याआधी आपणच त्यांच्यावर राज्य करू."

दुखणं एकच, पण औषधं दोन. एक्स-मेनच्या सगळ्या गोष्टी या भांडणाभोवती फिरतात.

हे कॉमिक काढणाऱ्या दोघांनाही परकेपणा माहीत होता. ली यांचे आईवडील रुमानियातून आणि कर्बी यांचे ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेले ज्यू. घरं गरीब. ली यांचं मूळ नाव स्टॅन्ली लीबर आणि कर्बी यांचं जेकब कुर्ट्झबर्ग. दोघांनीही अमेरिकन वाटतील अशी नावं घेतली. दुसऱ्या महायुद्धात कर्बी सैनिक म्हणून १९४४ मध्ये फ्रान्समध्ये लढूनही आले होते. आणि एक्स-मेनचा पहिला अंक दुकानांत आला त्याच उन्हाळ्यात, २८ ऑगस्ट १९६३ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह सुमारे अडीच लाख माणसं काळ्या लोकांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये जमली. सुरुवातीच्या अंकांत यातलं फारसं दिसत नाही, तिथे मारामाऱ्याच जास्त. पण बी पेरलं गेलं होतं.

शिळ्या कढीला ऊत

गंमत बघा, इतकी छान कल्पना, पण कॉमिक काही पळेना! स्पायडर-मॅन पुढे निघून गेला, एक्स-मेन मागेच. कर्बी दुसऱ्या कामांत गुंतले. लींच्या जागी रॉय थॉमस नावाचे तरुण लेखक आले. (ते आधी शाळेत शिक्षक होते, हे सांगताना माझी कॉलर जरा ताठ होते!) १९६९ मध्ये नील अॅडम्स यांनी अप्रतिम चित्रं काढली. तरी उपयोग झाला नाही. मार्च १९७० च्या ६६ व्या अंकानंतर नवी गोष्ट येणं थांबलं.

काही महिन्यांनी अंक पुन्हा निघू लागले, पण आत काय? जुन्याच गोष्टी परत छापलेल्या! ६७ पासून ९३ पर्यंत तब्बल २७ अंक अशी शिळी कढी तापवण्यात गेले. एक्स-मेन संपले, असंच सगळ्यांना वाटलं.

नव्या वर्गाची हजेरी

कंपनीतल्या वरिष्ठांच्या डोक्यात एक व्यापारी विचार आला. टोळीत निरनिराळ्या देशांचे हिरो घेतले, तर त्या देशांतही कॉमिक खपेल! काम मिळालं लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांना. मे १९७५ ची तारीख घेऊन त्यांचा जाडजूड विशेषांक आला. जुन्या टोळीला एका बेटाने गिळलंय (हो, ते बेटच जिवंत असतं!) आणि त्यांना सोडवायला प्रोफेसर जगभर फिरून नवे विद्यार्थी गोळा करतात.

चला, हजेरी घेऊ या.

स्टॉर्म : केनिया. वारा-पाऊस तिच्या हुकमात.
कोलोसस : सोव्हिएत रशिया. सायबेरियातला शेतकऱ्याचा मुलगा, अंग पोलादाचं करतो.
नाइटक्रॉलर : जर्मनी. क्षणात इथून गायब, तिथे हजर.
वुल्व्हरिन : कॅनडा. बुटका, तापट, हातातून नख्या बाहेर काढणारा.
बॅन्शी : आयर्लंड. त्याची किंकाळी हेच त्याचं शस्त्र.
सनफायर : जपान. अंगातून आग फेकणारा.
थंडरबर्ड : अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, अपाची जमातीचा.

यातले कितीतरी आधी कुठेतरी 'नको' झालेले होते! नाइटक्रॉलर कॉकरम यांनी दुसऱ्या एका कंपनीसाठी रेखाटला होता. निळं अंग, टोकदार शेपूट, पिवळे डोळे. तिथल्या संपादकांनी "फारच विचित्र दिसतो" म्हणून परत पाठवला. वुल्व्हरिन १९७४ मध्ये हल्कशी दोन हात करायला आलेला एक पाहुणा होता. त्याच्या नख्या हातमोज्यांत बसवलेल्या आहेत, असंच वीन यांच्या मनात होतं. त्या त्याच्या शरीरातच आहेत, हे पुढच्या लेखकाने ठरवलं.

या अंकातला एक प्रसंग विसरता येत नाही. जर्मनीतल्या एका खेड्यात लोक मशाली घेऊन नाइटक्रॉलरच्या मागे लागलेत. त्याचा गुन्हा काय? तो सैतानासारखा दिसतो! प्रोफेसर त्याला वाचवतात. तो विचारतो, मला इतरांसारखं करून द्याल का? प्रोफेसर उलट विचारतात, आत्ता जे पाहिलंस त्यानंतरही तुला इतरांसारखं व्हायचंय? बिचारा विचारात पडतो. इतरांसारखं व्हायचं म्हणजे मशाल घेऊन धावणाऱ्या त्या घोळक्यासारखं!

सोळा वर्षांचा मुक्काम

वीन यांना दुसरी कामं होती. म्हणून ऑगस्ट १९७५ च्या ९४ व्या अंकापासून लेखन क्रिस क्लेअरमाँट या चोविशीतल्या तरुणाकडे आलं. जन्म लंडनचा, वाढला अमेरिकेत. दोन महिन्यांतून एकदा निघणारं, फारसं कुणी न वाचणारं कॉमिक! पण त्यामुळेच त्याला मनासारखं लिहिता आलं. तो तिथे सोळा वर्षं राहिला.

त्याने मारामाऱ्यांच्या मधल्या वेळातली माणसं दाखवली. टोळी बेसबॉल खेळते, भांडते, घरच्या आठवणीने रडते. स्टॉर्म पुढे टोळीची नेता झाली. १९८० मध्ये तेरा वर्षांची किटी प्राइड आली आणि वाचणाऱ्या मुलांना टोळीत आपल्याच वयाची मैत्रीण मिळाली. चित्रकार जॉन बर्न यांच्याबरोबर त्याची जोडी चांगलीच जमली.

त्यांनी केलेल्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली जीन ग्रेची. तिला अफाट शक्ती मिळते आणि ती तिला आवरेनाशी होते. त्या भरात ती एक ताराच गिळून टाकते. त्याच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मरतात. लेखक-चित्रकारांनी शेवट असा केला होता, की जीनची शक्ती काढून घेतात आणि ती घरी येते. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढे जीव गेले आणि तिला काहीच नाही? मग शेवट बदलला. सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात जीन मरण पावली. लाडकी नायिका अशी गेली म्हणून वाचक हादरले. मूळ शेवट नंतर १९८४ मध्ये वेगळा छापला, तेव्हा वाचकांना दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघता आले. (१९८६ मध्ये जीन परत आली. कॉमिकमध्ये मेलेल्या माणसाचा फोटो इतक्यात भिंतीवर लावू नये!)

दुसरी गोष्ट मॅग्नेटोची. ऑक्टोबर १९८१ चा १५० वा अंक. लढाईच्या भरात तो किटीवर वार करतो. ती कोसळते. जवळ जाऊन बघतो तर काय, ही तर लहान मुलगी! आणि तो खलनायक ढासळतो. तेव्हा वाचकांना प्रथमच कळतं, की लहानपणी तो हिटलरच्या काळात ऑशविट्झच्या छळछावणीत होता. घरच्यांना त्याने तिथेच गमावलं. माणसं 'वेगळ्यांचं' काय करतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तो असा झालेला असतो. आणि आज त्याच्या हातून एका मुलीचा जीव जाणार होता! (किटी वाचते, काळजी नको.) पुढे १९८५ च्या २०० व्या अंकात तर प्रोफेसर आपली शाळाच त्याच्या हवाली करतात. खलनायक झाला मुख्याध्यापक!

८० लाख प्रती

१९९१ मध्ये 'एक्स-मेन' नावाचं आणखी एक मासिक सुरू झालं. लेखक क्लेअरमाँट, चित्रकार जिम ली. (हे मूळचे दक्षिण कोरियातल्या सोलचे.) पहिल्या अंकाची मुखपृष्ठं पाच. प्रती खपल्या ८० लाखांहून जास्त! कॉमिकच्या एका अंकाचा हा जागतिक विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला. पण पुढे भाव येईल म्हणून अनेकांनी पाच-पाच प्रती घेऊन न वाचताच प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या. लाखो घरांत पडून असलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? हा फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. क्लेअरमाँट तर १९९१ मध्येच मतभेद होऊन बाहेर पडला होता.

एक्स-मेन मात्र टिकले. १९९२ मध्ये टीव्हीवर कार्टून आलं, २००० मध्ये पहिला चित्रपट. २००० मध्येच कॉमिकमधल्या टोळीत नील शारा नावाचा कोलकात्याचा मुलगाही दाखल झाला.

आता मला सांगा, हे कॉमिक वाचलं कशामुळे? कंपनीने ओवाळून टाकलेलं मासिक, कुणीतरी परत पाठवलेलं चित्र, एक पाहुणा खलनायक आणि एक नवखा लेखक. सगळे नकोसेच! त्यांना जागा मिळाली आणि त्यांनी ते जगभर नेलं.

दर जूनमध्ये माझ्या वर्गात एखादं नवं मूल येतं. कुणाची बोली वेगळी असते, कुणी अडखळत बोलतं, कुणाचा दप्तराऐवजी पिशवीवर भागतं. पहिल्या आठवड्यातच वर्ग त्याला टोपणनाव ठेवतो. ते मूल मग कधी गप्प होतं, तर कधी मारायला धावतं. मागे लागायचं की बाकावर सरकून जागा द्यायची, हे मात्र शेजारी बसणाऱ्यांच्या हातात असतं. त्यासाठी डोळ्यांतून किरण निघावे लागत नाहीत.

जाता जाता एक प्रश्न. जीन ग्रेचा कोणता शेवट तुम्ही ठेवला असता, लेखकांचा की संपादकांचा? का ते आठ-दहा ओळींत लिहून पाठवा. घरच्यांशी आधी भांडून घ्यायला हरकत नाही!