क्रेट-गोणी उचलताना कोपराखालचा हात दुखतो? आधी हे वाचा



भाताची कापणी-झोडणी उरकते न उरकते तोच आपल्याकडे भाजीपाल्याची धावपळ सुरू होते. गोण्या घरात आणायच्या, पेंढ्याचे भारे रचायचे, वांगी-मिरचीचे क्रेट गाडीत चढवायचे. सालवड-बोईसर भागात तर अनेकांची एमआयडीसीतली पाळी सुटली की दुसरी पाळी शेतात सुरू होते. या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. क्रेट उचलला की कळ पार मनगटापर्यंत जाते. मलम लावलं, चार दिवस बरं वाटलं, परत उचललं की परत तेच."

आजचा संदेश याच दुखण्यावर आहे. थोडा लांब आहे, पण निवांत वाचा आणि जपून ठेवा.

*थोडक्यात तीन गोष्टी*
1) हे दुखणं बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात.
2) नुसती विश्रांती पुरत नाही. आधी वजन कमी करायचं आणि मग हाताची ताकद हळूहळू वाढवायची.
3) लवकर बरं व्हावं म्हणून कोपरात स्टेरॉइडची सुई घ्यायची घाई करू नका. कारण खाली दिलं आहे.

*दुखतं ते नेमकं काय?*
आपण एखादी वस्तू मुठीत घट्ट धरतो तेव्हा मनगट खाली वाकू नये म्हणून हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू ते ताणून धरतात. हे स्नायू मनगटापासून वर जातात आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका दोरीसारख्या भागानं चिकटतात. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. जागा जेमतेम बोटाच्या पेराएवढी, पण प्रत्येक वेळी मूठ आवळली की ताण तिथेच येतो.

आता हिशोब करा. 20 किलोचे 60 क्रेट शेतातून गाडीत चढवले आणि पुढे उतरवले, तर एका दिवसात हातातून 2,400 किलो वजन गेलं. त्यात विळा, फावडं, पंपाचा दांडा धरलाच नाही. ताईंच्या बाबतीत खुरपणी, भाजी तोडणी, पाण्याचा हंडा आणि ओले कपडे पिळणं हेही याच जागेवर येतं. टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्याची झीज भरून यायला स्नायूपेक्षा जास्त वेळ लागतो. आजची झीज भरायच्या आत उद्याचं वजन येतं, आणि असं महिनाभर चाललं की दुखणं घर करून बसतं.

या दुखण्याला डॉक्टर 'टेनिस एल्बो' म्हणतात. नावावर जाऊ नका. ज्यांना ते होतं त्यातले बहुतेक जण टेनिस खेळत नाहीत. साधारण 35 ते 55 या वयात, हातानं तेच तेच काम करणाऱ्यांना ते जास्त होतं. आपल्या सचिन तेंडुलकरलाही 2004 मध्ये डाव्या कोपराला हेच झालं होतं. त्याला अनेक सामने सोडावे लागले आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर तो आणखी आठ वर्षं खेळला. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. पण एवढ्या तयारीच्या खेळाडूलाही या दुखण्यानं महिनोन्महिने थांबवलं, तेव्हा घरात कोणी हात दुखतो म्हटलं तर त्याला कामचुकार समजू नका.

*घरी तपासून पाहा*
▪️ कोपर सरळ ठेवा, तळवा जमिनीकडे करा आणि प्लॅस्टिकची खुर्ची पाठीला वरून धरून उचला. कोपराच्या *बाहेरच्या* बाजूला कळ आली तर दुखणं बहुधा हेच.
▪️ कळ कोपराच्या *आतल्या* बाजूला (करंगळीच्या अंगाला) येत असेल आणि मनगट आत वळवताना वाढत असेल, तर आतल्या बाजूच्या टेंडनवर ताण आहे. उपाय जवळपास तेच, फक्त खालचे व्यायाम तळवा *वर* ठेवून करायचे.

*या वेळी घरगुती उपाय नकोत, डॉक्टरांकडे जा*
🔴 डाव्या हातात दुखणं आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप: क्षणही न घालवता 108 ला फोन करा.
🔴 ताप, डोकेदुखी आणि अंग-पोटऱ्या ठणकत असतील आणि गेल्या काही आठवड्यांत भाताच्या चिखलात-पाण्यात काम झालं असेल, तर लेप्टोची शंका घ्यायला हवी. वेदनाशामक गोळी खाऊन घरी बसू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि 'चिखलात काम केलंय' हे आपणहून सांगा.
🔴 बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, हातातून वस्तू सुटते: नस दबली असू शकते, मनगटात, कोपरात किंवा मानेत.
🔴 पडल्यावर किंवा 'कट्' असा आवाज होऊन दुखू लागलं, कोपर सुजून लाल-गरम झालं, हात सरळच होत नाही.

यातलं काही असेल तर हाड बसवणाऱ्याकडे जाऊन हात ओढून घेऊ नका.

*पहिलं काम: हातावरचा भार कमी करा*
महिनाभर हात गळ्यात बांधून बसणं कोणाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. काम चालू ठेवा, पद्धत बदला.

▪️ *क्रेट कमी भरा.* नेहमीचा क्रेट भरून 20 किलोच्या वर जातो. दुखणं असेल तोवर तो 10-12 किलोच भरा. माल किलोवर मोजला जातो, क्रेटच्या संख्येवर नाही. अर्धा क्रेट आणला म्हणून तुमचा एक रुपयाही कमी होत नाही.
▪️ *तळवा वर, कोपर वाकलेलं, वजन पोटाजवळ.* तळवा खाली ठेवून वरून क्रेट उचलला की सगळा भार त्या पेराएवढ्या जागेवर येतो. क्रेटच्या खाली हात घालून तळवा वर ठेवला की दंडाचा मोठा स्नायू कामाला लागतो. एवढा एक बदल केला तरी फरक कळतो.
▪️ *गोणी दोघांनी उचला.* युरियाची गोणी 45 किलोची आहे, डीएपीची 50 किलोची. भाताची गोणी भरताना तोंडापर्यंत ठासून भरू नका. रोज ओझं उचलणारे माथाडी कामगारसुद्धा 50 किलोपेक्षा जड गोणी नको म्हणून वर्षानुवर्षं भांडत आले आहेत.
▪️ *चाकाचा वापर करा.* बांधापासून रस्त्यापर्यंत हातगाडी किंवा ट्रॉली जात असेल तर डोक्यावर-हातावर कशाला? चार शेजाऱ्यांत मिळून एक घेतली तरी चालते.
▪️ *मूठ जाड करा.* विळा, खुरपं, फावडं यांची मूठ बारीक असली की जास्त जोरानं आवळावी लागते. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. धार लावलेला विळा किंवा हलका दातेरी वैभव विळा वापरा, बोथट विळ्याला दुप्पट जोर लागतो.
▪️ *पंप.* 16 लिटरचा पंप भरला की पाठीवर 16 किलोपेक्षा जास्त ओझं, शिवाय एका हातानं सतत दांडा हलवायचा. दुखऱ्या हातानं दांडा मारू नका, शक्य असेल तर बॅटरीचा पंप वापरा. महाडीबीटीवर अशा अवजारांसाठी अर्ज सुरू होतात त्यावर लक्ष ठेवा. कष्ट कमी करणाऱ्या अवजारांची चौकशी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातही करा.
▪️ *काम आलटून पालटून.* दोन तास सलग क्रेट चढवण्यापेक्षा अर्धा तास क्रेट, अर्धा तास प्रतवारी असं करा.

*दुसरं काम: हाताला ताकद परत द्या*
बहुतेक जण इथेच चुकतात. दुखणं कमी झालं की हात बरा झाला असं समजून थेट 20 किलोला हात घालतात. विश्रांतीनं दुखणं बसतं, पण टेंडन अजून कच्चाच असतो. त्याला मोजून-मापून भार दिला तरच तो पुन्हा तयार होतो.

*पायरी 1 (पहिले 1-2 आठवडे):* बसा. दुखरा हात टेबलावर किंवा मांडीवर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. दुसऱ्या हातानं वरून दाब द्या आणि मनगट जागचं हलू देऊ नका. 30 ते 45 सेकंद धरा, मग मिनिटभर विश्रांती. असं 4-5 वेळा, रोज.

*पायरी 2 (पुढचे 3-4 आठवडे):* तसंच बसून हातात अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताची मदत घेऊन मनगट वर न्या, मग मदत सोडून *चार आकडे मोजत हळू* खाली आणा. 10 ते 15 वेळा, अशा 3 फेऱ्या, एक दिवसाआड.

*पायरी 3:* ते सोपं वाटू लागलं की 1 लिटरची बाटली, म्हणजे 1 किलो. मग दीड, मग दोन. सोबत ओला टॉवेल दोन्ही बाजूंना हळूहळू पिळायचा.

*किती दुखलं तर चालेल?* दुखण्याला 10 पैकी गुण द्या. व्यायाम करताना 3 पर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. जास्त असेल तर एक पायरी खाली या.

शेतातलं वजनही असंच वाढवा: 5 किलो, मग 8, मग 10, आठवड्याला थोडं थोडं. साधारण 6 ते 12 आठवड्यांत फरक दिसतो. पूर्ण बरं व्हायला काहींना वर्षही लागतं. म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

*सुई, गोळी आणि पट्टा*
*स्टेरॉइडची सुई:* घेतल्यावर काही आठवडे खूप बरं वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच. ऑस्ट्रेलियात 165 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना स्टेरॉइडची सुई दिली त्यांच्यापैकी 54 टक्के लोकांचं दुखणं वर्षाच्या आत उलटलं. ज्यांना औषधाविना नुसती सुई दिली त्यांच्यात हे प्रमाण 12 टक्के होतं. म्हणून कोणी सुई सुचवली तर विचारा: "ही स्टेरॉइडची आहे का? आधी व्यायाम करून पाहू का?" हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

*गोळ्या:* वेदनाशामक गोळी खाऊन दुखणं दाबायचं आणि तेवढंच वजन उचलायचं, याला उपचार म्हणत नाहीत. बीपी, शुगर, किडनी किंवा पोटात व्रणाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर ताईंनी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. उन्हात घामाघूम झालेल्या, पाणी कमी पिलेल्या माणसाच्या किडनीलाही या गोळ्या बाधतात. काही दिवस वरून मलम लावणं त्या मानानं सुरक्षित आहे.

*पट्टा:* कोपराचा पट्टा कोपरावर बांधायचा नसतो. कोपराच्या खाली दोन बोटं सोडून, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा, तोही फक्त काम करताना. बोटं बधिर होतील इतका आवळू नका.

*शेक:* कपड्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं किंवा कोमट शेक, ज्यानं बरं वाटेल ते. हलकं तेल चोळायला हरकत नाही, दुखऱ्या जागेवर जोर लावून रगडू नका.

*घरातल्या जिमवाल्या मुलांसाठी*
सकाळी बाबांबरोबर क्रेट उचलायचे आणि संध्याकाळी बोईसरला जिममध्ये डंबेल मारायचे, तर टेंडनला सुट्टी कधी? दोन्ही वजनं मिळून एकच हिशोब धरा. हात दुखत असेल तर सरळ रॉडनं तळवा खाली ठेवून मारायचे प्रकार काही आठवडे बंद ठेवा. डंबेल अंगठा वर ठेवून धरा, वजन निम्मं करा. पायाचे आणि पाठीचे व्यायाम चालू ठेवा, पण मूठ फार आवळावी लागणार नाही असे निवडा.

*कुठे दाखवायचं?*
4-6 आठवडे हे सगळं नीट करूनही फरक नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि फिजिओथेरपीबद्दल विचारा. ई-संजीवनीवर फोनवरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. कारखान्यात ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी तो हक्क वापरावा. पैसे तुमचेच कापले जातात. डॉक्टरांना नुसतं 'हात दुखतो' म्हणू नका. रोज किती वजन, किती वेळा आणि कसं उचलता तेही सांगा, त्यावरून निदान सोपं होतं.

ट्रॅक्टर बिघडला तर आपण त्याच दिवशी मेकॅनिक बोलावतो. हात मात्र सहा-सहा महिने तसाच ओढतो. यंदाच्या हंगामात तसं करू नका. आज रात्री जेवण झालं की पायरी 1 करून पाहा आणि उद्याचा पहिला क्रेट अर्धाच भरा.

हा संदेश घरातल्या ताईंना, मजुरांना आणि गाडीवर क्रेट चढवणाऱ्या मुलांना जरूर वाचून दाखवा. शंका असेल तर या नंबरवर मेसेज किंवा व्हॉइस नोट पाठवा.

*आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सालवड*