टक्के डॉक्टरांचे, निवाडा सक्षम प्राधिकाऱ्यांचा

डॉक्टरांनी दाखल्यावर अपंगत्वाचे जितके टक्के लिहिले, तितकीच भरपाई मिळते, असा समज कामगारांत आणि मालकांतही आढळतो. मोजणीदार जमिनीचं क्षेत्र सांगतो, भाव ठरवत नाही, डॉक्टरांचंही तसंच.

भरपाईचा कायदा पाहतो ती अर्जनक्षमतेतली घट (कमावण्याची ताकद किती गेली ते). अंगठा गेल्यास परिशिष्टातच ३० टक्के ठरलेले आहेत. तिथे न नोंदलेल्या कायमच्या इजेसाठी डॉक्टरांचं मूल्यमापन लागतं. वाद झाल्यास निर्णय सक्षम प्राधिकाऱ्यांचा.

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अर्जनक्षमता पूर्ण गेल्याचं न्यायालयाने मान्य केलं.

त्यामुळे तपासणीत ‘हात दुखतो’ एवढंच सांगू नये. रंधा धरता येतो का, शिडी चढता येते का, हेही सांगावं. कामावर परतण्याचा दाखला देतानाही डॉक्टरांना तेच कळायला हवं.