गाडी गॅरेजमधून आली, पण अ‍ॅव्हरेज पडलं

जुनी मारुती व्हॅन दुरुस्तीला दिली, सात-आठ हजार खर्च झाले, गाडी मस्त चालायला लागली. आणि महिन्याच्या हिशोबात पेट्रोल मात्र वाढलेलं! अशी तक्रार दोन गटांकडून आली. एका बैठकीत तर बोट थेट गाडी चालवणाऱ्या ताईकडे गेलं. तायांनो, "पेट्रोल जातं कुठं?" हे विचारायलाच हवं. पण माणसावर संशय घेण्याआधी गाडी तपासू या.

आधी मोजा. "पाचशेचं टाकलं होतं" यावरून अ‍ॅव्हरेज कळत नाही. टाकी फुल करा, पंपाची नळी आपोआप बंद झाली की थांबा आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. नेहमीसारखा बाजार करा. दोनेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल करा. झालेल्या किलोमीटरला आत्ता बसलेल्या लिटरने भागायचं. २१० किलोमीटरला १५ लिटर लागलं तर अ‍ॅव्हरेज १४. तेवढ्यालाच २१ लागलं तर १०. म्हणजे सहा लिटर जास्त, शंभरच्या भावाने धरलं तरी ६०० रुपये. किती पापड लाटल्यावर तेवढे सुटतात, ते तुम्हीच काढा. मीटरची केबल तुटली असेल तर आधी ती बसवून घ्या, नाहीतर सगळं मोजमाप फुकट.

आता गॅरेजचं बिल घ्या. जिथे हात लागलाय तिथूनच सुरुवात करायची.

ब्रेकचं काम झालं असेल तर ब्रेक चिकटत असू शकतात. लायनर घट्ट बसवले किंवा हँडब्रेकची तार जास्त ओढली, तर गाडी ब्रेक दाबल्यासारखीच धावते. सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक खाली करा आणि दोघी-तिघींनी ढकला. एकजण स्टिअरिंगवर हवीच. सहज सरकली पाहिजे. दहा-बारा किलोमीटर चालवून आल्यावर चाकांच्या मध्याजवळ हात न्या, पण लावू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा फार गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय.

इंजिन तापतं म्हणून गाडी दिली होती का? मग थर्मोस्टॅट काढून टाकलाय का, हे विचारा. बरेच मिस्त्री काढतात आणि "आता कधी तापणार नाही" असं सांगतात. तापत नाही हे खरं, पण इंजिन गार राहिलं की जास्त पेट्रोल खातं. चूल नुकतीच पेटवली की सरपण जास्त लागतं ना, तसं. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर संशय घ्या. थर्मोस्टॅट महाग नसतो, नवीन बसवून घ्या.

क्लचचं काम झालं असेल तर चढावर लक्ष द्या. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर, प्लग आणि निघालेली एखादी रबरी नळी बघायला सांगा. रिंग-पिस्टन बदलले असतील तर सुरुवातीचे काही दिवस पेट्रोल थोडं जास्त लागणारच. आणि टायरमधली हवा! ती तर दर पंधरा दिवसांनी बघायचीच, टायर थंड असताना.

गाडीत पेट्रोलचा वास आला तर मात्र मोजत बसू नका. गाडी बंद करा, आजूबाजूला कुणाला बिडी-काडी पेटवू देऊ नका आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा.

गॅरेजला जाताना वहीतले दोन्ही आकडे न्या आणि चालवणाऱ्या ताईलाच सोबत घ्या, कारण गाडी कुठे जड लागते ते तिलाच माहीत असतं. काय बदललं ते बिलावर लिहून घ्या, जुने पार्ट मागून घ्या. काम झालं की पुन्हा टाकी फुल करून मोजा, आणि तो आकडा पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा.