ब्यूमाँटने पाहिलेल्या दोन लढाया

इंग्रजांच्या ताब्यातला स्टर्लिंगचा किल्ला स्कॉटांनी वेढला होता. किल्लेदार फिलिप मोब्रेने वेढा घालणाऱ्यांशी करार केला, की २४ जून १३१४ पर्यंत इंग्लंडहून कुमक आली नाही तर किल्ला खाली करून देईन. त्या मुदतीने राजा दुसऱ्या एडवर्डला घाई करायला लावली. तेवढ्याच मुदतीमुळे रॉबर्ट ब्रूसला, इतकी वर्षं समोरासमोरची मोठी लढाई टाळत आलेल्या राजाला, आता बॅनकबर्नच्या ओढ्यापाशी उभं राहावं लागलं.

२३ जूनला इंग्रजांचे तीनेकशे स्वार दलदलीच्या कडेने किल्ल्याकडे निघाले. रॉबर्ट क्लिफर्ड आणि हेन्री ब्यूमाँट त्यांचे म्होरके. ब्रूसचा भाचा थॉमस रँडॉल्फ भालाइतांची तुकडी घेऊन झाडीतून बाहेर पडला. ब्यूमाँट म्हणाला, जरा मागे सरू, त्यांना मोकळ्यावर येऊ द्या. सोबतच्या सर थॉमस ग्रेने त्याला हटकलं: आज त्यांना जे द्याल ते त्यांचं होऊन बसेल. तसा ब्यूमाँटने त्याला टोमणा मारला, की भीती वाटत असेल तर पळ काढ. भीतीपोटी मी पळणार नाही, असं म्हणून ग्रेने घोड्याला टाच मारली आणि थेट भाल्यांच्या रांगेवर घातला. घोडा मेला, ग्रे कैद झाला. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो त्याच्या मुलामुळे. मुलाचंही नाव थॉमस. पुढे तोही स्कॉटांच्या कैदेत पडला आणि एडिंबरोच्या किल्ल्यात त्याने आपलं इतिवृत्त लिहायला घेतलं.

स्कॉट भालाईत दोन पुरुष उंचीचे भाले बाहेर रोखून दाटीने उभे राहत. या रचनेला शिल्ट्रन म्हणत. क्लिफर्डबरोबर तिरंदाज नव्हते. स्वारांनी चिडून तलवारी आणि गदा त्या गर्दीत फेकून मारल्या, पण रांग फुटली नाही.

शिल्ट्रन नवी नव्हती. २२ जुलै १२९८ ला फॉल्कर्कला विल्यम वॉलेसने तीच वापरली होती. पण तिथे भालाईत एका जागी खिळून होते. स्वतःचं घोडदळ मैदान सोडून गेल्यावर ते इंग्रज बाणांखाली उघडे पडले. ब्रूसने हीच गोष्ट बदलली. लढाईआधी त्याने टॉरवुडच्या रानात माणसांकडून कवायत करून घेतली. भाल्यांची रांग न मोडता पुढे चालून जायचं, हे त्यांच्या अंगवळणी पाडलं. बॅनकबर्नच्या वर्णनांत रस्त्यालगत खणलेल्या खड्ड्यांचं कौतुक फार होतं. मला ही कवायत त्याहून मोलाची वाटते.

त्या रात्री इंग्रज फौज ओढ्यांमधल्या सखल, पाणथळ जमिनीत उतरली. डबकी ओलांडायला माणसांनी जवळच्या घरांची दारं उचकटून आणली. बहुतेकांनी रात्र जागून काढली. इकडे ब्रूस माघारीच्या विचारात होता. तेवढ्यात इंग्रजांच्या चाकरीतला स्कॉट सरदार अलेक्झांडर सेटन फितून त्याच्याकडे आला आणि म्हणाला, त्यांचं मन खचलंय, मारायचं तर आत्ता. ब्रूसने ऐकलं.

एडवर्डच्या छावणीत उलटं घडलं. बिनीचा मान कोणाचा, यावरून ग्लॉस्टर आणि हेरफर्डच्या अर्लांत वाद पेटला होता. ग्लॉस्टर तेविशीचा, राजाचा सख्खा भाचा. फौज थकली आहे, एक दिवस विसावा द्या, असं त्याने सकाळी सुचवलं, तर राजाने त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला. तो तडक भाल्यांवर चालून गेला आणि मारला गेला. त्याच्यामागून कोणी वेळेवर धावलं नाही.

पुढचं भराभर झालं. शिल्ट्रन पुढे सरकत आल्या आणि चिंचोळ्या जागेत इंग्रजांचे मागचे लोक लढायलाच पोहोचेनात. तिरंदाजांना उशिरा बगलेवर आणलं गेलं, पण रॉबर्ट कीथच्या हलक्या स्वारांनी त्यांना उधळून लावलं. राजाला त्याच्या माणसांनी घोड्याचा लगाम धरून बाहेर काढलं. मोब्रेने त्याला किल्ल्यात घेतलं नाही. हेरफर्ड पकडला गेला आणि त्याच्या बदल्यात ब्रूसची राणी, मुलगी आणि बहीण इंग्लंडच्या कैदेतून सुटल्या.

ब्यूमाँट जिवानिशी सुटला, पण बायकोच्या वारशाने बकनच्या जहागिरीवर त्याने सांगितलेला हक्क बुडाला. तो हक्क त्याने अठरा वर्षं सोडला नाही. ब्रूस १३२९ मध्ये गेला, रँडॉल्फ जुलै १३३२ मध्ये. ऑगस्टमध्ये ब्यूमाँट आणि जहागिऱ्या गमावलेले इतर सरदार किंगहॉर्नला उतरले. माणसं जेमतेम दीड हजार. नावाला पुढारी एडवर्ड बॅलियल, पण लढाईचा अनुभव ब्यूमाँटचा. ११ ऑगस्टला डप्लिनच्या माळावर त्यांचे चिलखती सरदार घोड्यावरून उतरून मधे रांगेत उभे राहिले आणि तिरंदाज दोन्ही बगलांवर पसरले. जे क्लिफर्डच्या तुकडीत नव्हतं, जे राजा दुसऱ्या एडवर्डने उशिरा आणलं, ते इथे पहिल्यापासून जागेवर होतं. बॅनकबर्न या माणसाइतकं नीट कोणी वाचलं नाही, असं माझं मत आहे.

स्कॉट फौज कितीतरी मोठी होती. पण लढाई तोंडावर असताना दिवंगत राजाच्या अनौरस मुलाने, त्याच्याच नावाच्या रॉबर्ट ब्रूसने, सेनापती मारच्या अर्लवर फितुरीचा आरोप केला. मार इंग्लंडमध्ये वाढलेला. आळ पुसायला तो म्हणाला, पहिला वार माझा. मग दोघे ईर्ष्येने धावत सुटले. पहिल्या धडकेत ब्यूमाँटची रांग थोडी मागे रेटली गेली, पण ती मोडली नाही. बगलांवरून बाणांचा मारा होताच कडेचे स्कॉट मधे दाटले आणि मागून येणाऱ्या मारच्या तुकडीने त्यांना आणखी चेपलं. शस्त्रापेक्षा गुदमरूनच पुष्कळ मेले. त्यात दोन्ही सेनापती होते.

पुढच्याच वर्षी तिसऱ्या एडवर्डने हीच मांडणी हॅलिडन टेकडीवर केली. बेरिक शहर वेढ्यात होतं आणि तिथेही कराराची मुदत होती. ती मात्र आता स्कॉटांच्या डोक्यावर होती. १९ जुलै १३३३ ला आर्चिबाल्ड डग्लसला दलदल पार करून चढावर हल्ला करावा लागला. चढतानाच त्याची फौज बाणांनी विंधली गेली आणि तो स्वतः पडला. दुसऱ्या दिवशी बेरिक इंग्रजांच्या हाती गेलं.