कृष्णेच्या गोतावळ्यातून

राज्याची सीमा ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते, एस.टी.चा रंग बदलतो, चहाच्या जागी कॉफी येते. पावसाला मात्र सीमा ठाऊक नसते. २०२४ च्या जुलैअखेर साताऱ्याहून होसूरला एका दिवसात मोटारीनं जाताना हे पुरतं पटलं. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू अशी तीन राज्यं आणि साधारण पावणेआठशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा साखरपुडा. गाडीत आम्ही दोघं आणि मागे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई.

पहाटे साडेचारला निघालो तेव्हा झड लागलेलीच होती. वायपर पाणी सारतोय तोवर काच पुन्हा पांढरी. पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे हाच काय तो आधार. कराडला कोयना, मग वारणा, मग पंचगंगा. प्रत्येक पुलाखाली गढूळ, फुगलेलं पाणी. शिरोलीजवळ आईनं हात जोडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुरानं इथेच महामार्ग बंद पडला होता.

कागल मागे टाकून कर्नाटकात शिरलो आणि निपाणीच्या अलीकडे, वेदगंगेपाशी, वाहनांची रांग लागली. मागच्या गाडीवाल्यानं शेतातून जाणारी वाट सुचवली. त्या वाटेच्या तोंडाशी पोत्याची खोळ पांघरून एक आजोबा उभे होते. त्यांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "पाण्याखाली रस्ता हाय का खड्डा, दिसतंय का तुमास्नी?"

यात सगळं आलं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार तरंगू लागते. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. आई म्हणाली, "अरे, अंगठी काय, संध्याकाळीसुद्धा घालता येते." अडीच तास रांगेतच थांबलो. बरोबरची धपाटी तिथेच संपली.

बेळगावनंतर पाऊस ओसरला, धारवाडच्या वाटेवर तर चक्क ऊन पडलं. तरी मलप्रभा दोन्ही काठ भरून वाहत होती! ते पाणी तिथल्या आभाळातलं नव्हतंच. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या डोंगरातून आलेलं. सह्याद्री ढग अडवतो, पूर्वेला पाऊस विरळ होतो, पण नद्या डोंगरातलं पाणी कोरड्या मुलखात नेतात. म्हणून डोक्यावरचं आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधू नये. कोयनेपासून हरिहरची तुंगभद्रा आणि हिरियूरची वेदवती इथपर्यंत, दिवसभर ओलांडलेल्या या साऱ्या नद्यांचं पाणी अखेर कृष्णेलाच मिळतं. एकाच घरातल्या लेकीसुनांना भेटत आम्ही चाललो होतो.

चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या संध्याकाळच्या वाऱ्यात फिरत होत्या. बंगळूरची गर्दी पार करून होसूरला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बहीण दारातच उभी होती. साखरपुडा वेळेवर पार पडला.

रस्ते रुंद झाले, तशी आपण अंतरं तासांत मोजू लागलो. पावसाळ्यात त्या हिशेबात दोन-तीन तास नदीच्या नावानं राखून ठेवावेत, आणि पाण्याबद्दल विचारायचं ते काठावर राहणाऱ्याला विचारावं.