दोर तुटला तर?

सावद्याहून जळगावच्या दवाखान्यात गेलेली म्हातारी माणसं लिफ्टचं दार बंद होताच कठडा घट्ट धरतात. दोर तुटला तर, ही त्यांची धास्ती खरी आहे. तिचं उत्तर शोधायला जगात काही ठिकाणी लिफ्ट तपासणारे खास उंच मनोरे बांधले आहेत.

एवढी उंची कशाला? सेकंदाला १० मीटर धावणारी लिफ्ट माणसाला सोसेल अशा बेताने, दर सेकंदाला एक मीटरने वेग वाढवत गेली, तर पूर्ण वेग यायलाच ५० मीटर लागतात. थांबायला आणखी ५०. शंभर मीटर संपले, आणि पूर्ण वेगात ती धावली क्षणभर! जर्मनीत रॉटवाइलला २०१७ साली खुला झालेला मनोरा २४६ मीटरांचा आहे. तिथे सेकंदाला १८ मीटरपर्यंतचा वेग तपासता येतो. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते त्यात टांगलेलं २४० टनांचं वजन. वाऱ्याने होणारं डोलणं ते आवरतं, आणि हवं तेव्हा मनोऱ्याला मुद्दाम डोलवतंही. वादळात उंच इमारत हलली की लिफ्टचे दोर कसे झोके घेतात, हे त्यामुळे शांत दिवशीही पाहता येतं.

पण खरी परीक्षा थांबण्याची. माणसांऐवजी वजनं भरून लिफ्ट जादा वेगाने खाली सोडतात. वेगावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नरचं चाक मर्यादेबाहेर फिरलं की त्याचा वेगळा, बारीक दोर जागीच पकडला जातो. त्याने दांडा ओढला जातो आणि डब्याच्या पोलादी पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांवर आवळतात. रुळांवर ओरखडे उठतात, ते मग कानशीने घासून काढायचे. यात मुख्य दोरांचा काहीही संबंध नाही. ते सगळे तुटले तरी डबा अडतो. लिफ्टच्या सुरक्षा-ब्रेकचा जनक एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतः उचललेल्या फलाटावर उभं राहून दोर कापायला लावला होता, तोही दोर तुटला तरी फलाट अडेल याच भरवशावर. अर्थात मनोऱ्यात तपासला जातो तो नमुना. इमारतीत बसवलेली लिफ्ट त्याच जागी पुन्हा तपासावीच लागते, आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती चालवता येत नाही.

फिनलंडच्या कोने कंपनीने उंचीऐवजी खोली निवडली. लोह्या शहरातल्या टीटिरी या चुनखडीच्या खाणीत तिची चाचणीची विहीर सुमारे ३५० मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून खोल जाते. बोअर किती फूट गेलं यावर हिशेब मांडणाऱ्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. लिफ्ट फार उंच न्यायची तर पोलादी दोराचं दुखणं म्हणजे त्याचं स्वतःचंच वजन. साधारण ५०० मीटरपुढे तो स्वतःलाच जड होतो. म्हणून कंपनीने २०१३ साली कार्बन तंतूंचा हलका, चपटा दोर आणला. त्यावर एकच लिफ्ट एक किलोमीटर उंच जाऊ शकेल, असं कंपनी म्हणते.